पेपर बोर्ड की ग्लास बोर्ड? घरी पीसीबी करताना तांब्याखाली काय आहे ते आधी बघा

पीसीबी म्हणजे ज्याच्या तांब्याच्या रेघांवर सर्किटचे भाग डाखतात तो बोर्ड, आणि कॉपर क्लॅड म्हणजे त्यासाठीचा तांबं चढवलेला कोरा पत्रा. दुकानात जाऊन नुसतं "कॉपर क्लॅड द्या" म्हटलं, की हाताला लागेल तो तुकडा कापून मिळतो. वरून तांबं सारखंच दिसतं. घरी आणून घासलं, त्यावर छपाई उठवली, नको असलेलं तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये बुडवला, तरी काही वेगळं जाणवत नाही. जाणवतं ते नंतर. कधी इस्त्रीखाली बोर्ड फुगतो, कधी ड्रिलचा नवा बिट थोड्याच भोकांत बोथट होतो, तर कधी विहिरीवरच्या पेटीत बसवलेला ऑटो स्विच (लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा) पहिल्याच पावसाळ्यात बंद पडतो. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं: तांब्याखालचा पत्रा कशाचा आहे हे कुणी पाहिलेलंच नसतं.

घरी वापरात येणारे पत्रे मुख्यतः दोन. एक पेपर फिनॉलिक. कागदाचे थर फिनॉलिक राळेत भिजवून, उष्णता आणि दाब देऊन केलेला. जुन्या काळ्या-तपकिरी स्विचांचं बॅकेलाइट ज्या कुळातलं, त्याच कुळातली ही राळ. तिचं पेटंट लिओ बेकलंड यांनी १९०७ साली मागितलं होतं. आपल्याकडे अशा पत्र्याला बरेच जण सरसकट हायलम म्हणतात. दुसरा ग्लास इपॉक्सी, म्हणजे काचेच्या तंतूंचं विणलेलं कापड इपॉक्सी राळेत बसवलेलं. याची प्रचलित प्रत म्हणजे एफआर-४. दोन्ही साधारण १.६ मिमी जाडीचे मिळतात आणि दोन्हींवरचं तांबं बहुधा ३५ मायक्रॉनचं असतं.

तांबं सारखंच, ही गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. "ग्लास बोर्ड घेतला म्हणजे जास्त करंट चालेल" असं खूप जण धरून चालतात. करंट वाहतो तो तांब्यातून. ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्यावर १ मिमी रुंदीचा ट्रॅक, म्हणजे तांब्याची रेघ, साधारण २ अँपिअरपर्यंत फारसा न तापता चालतो, मग खाली कागद असो की काच. जास्त करंट हवा असेल तर ट्रॅक रुंद करा किंवा त्यावर डाख चढवा. बोर्ड बदलून ते काम होत नाही.

ओळखायचा कसा, ते आता सांगतो. रंगावर भरवसा ठेवू नका. पेपर बोर्ड बहुधा तपकिरी असतो, ग्लास फिकट हिरवट-पिवळा किंवा दुधी. पण फिकट रंगाचे पेपर बोर्डही येतात. कंपनीच्या तयार बोर्डाचा गडद हिरवा रंग तर निव्वळ वरचा थर आहे, सोल्डर मास्कचा. तो पेपर बोर्डावरही मारलेला असतो, म्हणून हिरवा बोर्ड दिसला की तो ग्लासचाच असं मानणं चूक.

तुकडा उलटा करून उजेडाकडे धरा. एकाच बाजूला तांबं असलेल्या ग्लास बोर्डाचं जिथलं तांबं निघालं असेल, तिथून उजेड आरपार येतो आणि कापडाची उभी-आडवी वीण स्पष्ट दिसते. पेपर बोर्डातून उजेड येत नाही. मग कापलेली कड बघा. कडेवर नख ओढलं तर पेपरची कड पुठ्ठ्यासारखी थराथराची आणि मऊसर लागते. ग्लासची कड खरखरीत असते आणि तिच्यातून बारीक पांढरी कुसळं बाहेर आलेली दिसतात. ती बोटात घुसतात, म्हणून नख जपून. तरीही शंका राहिली तर तुकड्याचा कोपरा पकडीत धरून वाकवा. पेपर कट्‌कन तुटतो. ग्लास वाकतो, वाकल्या जागी पांढरा पडतो, पण सहजासहजी सुटा होत नाही.

मधला एक प्रकारही बाजारात असतो, सीईएम-१. वर-खाली काचेचं कापड आणि पोटात कागद. वरून वीण दिसली म्हणून ग्लास समजून घेतला आणि निघाला हा, असं होऊ शकतं. म्हणून शेवटचा निर्णय कडेवरूनच करावा.

छपाई उठवताना दोघांचे स्वभाव पहिल्यांदा वेगळे दिसतात. लेझर प्रिंटरने गुळगुळीत कागदावर आराखडा छापायचा, तो तांब्यावर पालथा ठेवून इस्त्रीने टोनर चिकटवायचा, ही घरगुती पद्धत आता सगळ्यांना ठाऊक आहे. इंटरनेटवर दाखवतात तो बोर्ड बहुतेक वेळा ग्लासचा असतो. तिथे सांगितलेलं सगळं, म्हणजे इस्त्री सुतीच्या खुणेवर, दाब देऊन काही मिनिटं, हे ग्लास बोर्ड निमूट सोसतो. पेपर बोर्डाला तेच केलं तर तो वाकडा होतो, पोटात ओल असेल तर तांब्याखाली फोड येतात, आणि फोड आलेला बोर्ड गेलाच म्हणायचा. साधी राळ १०० अंशांच्या थोडं पुढे गेली की नरम पडू लागते. पेपरच्या एफआर-२ प्रतीत ही मर्यादा साधारण १०५ अंश धरतात, तर नेहमीच्या एफआर-४ मध्ये १३० अंशांच्या आसपास. म्हणून पेपर बोर्डावर इस्त्री थोडी कमी ठेवायची, एका जागी धरून न ठेवता फिरवत राहायची आणि मधून मधून उचलायची. छपाईआधी बोर्ड तासभर उन्हात कोरडा करून घेतला तर फोडांचा धोका बराच कमी होतो, आणि ऊन तर आपल्याकडे मुबलक आहे.

टोनरऐवजी ड्राय फिल्म, म्हणजे तांब्यावर चिकटवून उजेडाने आराखडा उठवायची फिल्म, वापरणाऱ्यांनी एक सांभाळावं. धुण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्यात फिल्म धुतली तर दोन्ही बोर्डांना काही होत नाही. पण शेवटी उरलेली फिल्म काढायला कॉस्टिक सोडा वापरतात, आणि तीव्र अल्कलीपुढे फिनॉलिक राळ टिकत नाही. पेपर बोर्ड कॉस्टिकमध्ये विसरून गेलात तर त्याचा पृष्ठभाग खराब होतो. काम झालं की लगेच काढा आणि भरपूर पाण्याने धुवा.

फेरिक क्लोराइडला तांब्याशी मतलब, त्यामुळे एचिंगला, म्हणजे नको ते तांबं खाऊन काढायला, दोन्हींत वेळ सारखाच लागतो. द्रावण ४० अंशांच्या पुढे असलं की काम झपाट्याने होतं, आणि एप्रिल-मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे ते तापवावंही लागत नाही. प्लास्टिकचा ट्रे गच्चीवर ठेवला तरी पुरे. ट्रे ॲल्युमिनियमचा कधीच नको, फेरिक त्यावर जोरात तुटून पडतं. पेपर बोर्डाच्या कापलेल्या कडा मात्र द्रावण आत ओढतात, म्हणून तो गरजेपेक्षा जास्त वेळ बुडवून ठेवू नये, आणि धुतल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय सोल्डरिंगला घेऊ नये.

भोकं पाडायला बसलात की पेपर बोर्डाचं महत्त्व कळतं. साधा स्टीलचा ०.८ किंवा १ मिमीचा बिट त्यात लोण्यासारखा जातो. बारा व्होल्टच्या मोटारीला चक लावून केलेलं हातातलं ड्रिलही चालतं, हात थोडा हलला तरी बिट वाचतो. ग्लासमध्ये तोच स्टीलचा बिट लवकर बोथट होतो, कारण तो खरोखर काच कापत असतो. मग भोकाभोवती तांब्याची उठलेली कड दिसू लागते, जोर जास्त द्यावा लागतो, पॅड, म्हणजे भोकाभोवतीचं डाख लावायचं तांबं, ओढला जातो. ग्लाससाठी कार्बाइडचा बिट लागतो. कार्बाइड कठीण पण ठिसूळ. हातातल्या ड्रिलने जरा तिरका दाब पडला की तुटला. म्हणजे ग्लास बोर्ड घ्यायचा तर ड्रिलला स्टँडही घ्यावा लागतो, आणि हा खर्च बोर्डाच्या किमतीत कुणी धरत नाही.

धुळीचंही बघायला हवं. ग्लास कापताना, घासताना, भोकं पाडताना काचेचे बारीक तंतू उडतात. कातडीला खाज सुटते आणि श्वासातून आत जाणं तर नकोच. तोंडाला मास्क लावा, भुसा फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या. घरात लहान मूल असेल तर हे काम स्वयंपाकघरात किंवा बिछान्याजवळ करू नका. पेपरच्या भुशाला फिनॉलचा उग्र वास येतो. तोही हुंगायचा नाही, पण तो अंगाला तसा टोचत नाही.

या कारणांमुळे माझं ठाम मत आहे की शिकायला पेपर बोर्डच घ्यावा. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षातल्या मुलाला किंवा नववी-दहावीतल्या मुलीला पहिलं एलईडीचं सर्किट करायचं असेल, तर स्वस्त बोर्ड, साधा बिट, हॅकसॉच्या पात्याने सरळ कापला जाणारा पत्रा, इतकं पुरतं. पेपर म्हणजे हलका माल, असं म्हणून त्यांना ग्लासकडे ढकलण्यात त्यांचं नुकसानच आहे. कितीतरी रेडिओ आणि टीव्ही याच पेपर बोर्डावर वर्षानुवर्षं चालले. पण ते घरातल्या कोरड्या कपाटावर होते.

शेतात गोष्ट बदलते. आणि खान्देशात घरी बोर्ड बनवणाऱ्याचा हात कधी ना कधी शेताकडे वळतोच: ऑटो स्विच, एखादी फेज गेली की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर, टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारं सर्किट. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत थ्रीफेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री पाळीने येते. लाइट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी ही शेतकऱ्याची खरी गरज आहे. त्या पेटीचं हवामान बघा. मे महिन्यात पत्र्याची पेटी दिवसभर उन्हात. बाहेरच ४५ अंश, आत त्याहून कितीतरी जास्त. जूनपासून ओल. थंडीत पहाटे दव. वर धूळ, मुंग्या, आणि ऊब शोधत येणारी पाल.

"भाऊ, हाऊ बोर्ड कसाले जयना?" असं विचारत एखादे आप्पा पिशवीतून जळका बोर्ड काढून समोर ठेवतात, तेव्हा तो आधी उलटा करून बघावा. अशा बोर्डावर बऱ्याचदा एकच चित्र दिसतं. रिलेच्या (मोटारीची लाइन जोडणारा-तोडणारा, विजेवर चालणारा स्विच) दोन पायांमध्ये, जिथे ४१५ व्होल्टच्या दोन फेजा शेजारी शेजारी येतात, तिथे झाडाच्या मुळासारखी काळी रेघ फुटलेली असते. पेपर बोर्ड ओल ओढतो. ओलीवर धूळ बसते. त्या थरातून बारीक ठिणग्या झडत राहतात आणि राळेचा नि कागदाचा कोळसा होत जातो. कोळशातून वीज वाहते. एकदा रेघ जुळली की मग फ्यूज उडो वा न उडो, बोर्ड संपला. ग्लास बोर्डही जळाला की काळा पडतो, अमर नाही तो. पण तो पाणी फारच कमी पितो, आणि तिथवर जायला त्याला पुष्कळ जास्त वेळ लागतो.

दुसरी कमजोरी पॅडची. रिले जड, त्याचे पाय जाड, मोटार चालू-बंद होताना पेटी थरथरते. घरी केलेल्या बोर्डाच्या भोकात आतून तांबं नसतं, त्यामुळे रिलेचा सगळा भार पत्र्याला चिकटलेल्या तेवढ्या पॅडवर येतो. पेपर बोर्डावर एकदा रिले बदलली, दुसऱ्यांदा बदलली, की पॅड डाखाबरोबर उचलला जातो. डाख वितळतो १८३ अंशांच्या पुढे, म्हणजे दोन्ही राळा नरम पडण्याच्या मर्यादेहून बराच वर. फरक एवढाच की ग्लासवरचं तांबं ते जास्त वेळ सोसतं. शेतातली वस्तू दुरुस्तीला येणारच. तिथे पुन्हापुन्हा डाख सोडवता येणारा बोर्ड हवा, म्हणजे ग्लास.

आगीचाही विचार करा. एफआर ही अक्षरं ज्योत-रोधक प्रतींना लावतात. एफआर-१, एफआर-२ हे पेपरचेच प्रकार आहेत आणि ज्योत काढली की ते विझतात. पण एक्सपीसी नावाची पेपरची स्वस्त प्रत तशी नसते. सुट्या तुकड्यावर काहीच छापलेलं नसेल तर तो तसाच असेल असं धरून २३० व्होल्टच्या जवळ नेऊ नका. मेनला जोडायच्या बोर्डासाठी मी ग्लासशिवाय दुसरं काही सुचवणार नाही, मग तो घरातल्या भिंतीवर असो की बांधावर.

आणि ज्याच्या पेटीत आधीच पेपर बोर्ड बसला आहे आणि चालू आहे, त्याने पावसाळ्याआधी एवढं करावं. मेन स्विच पाडून फ्यूज काढून घ्या, सप्लाय नाही याची टेस्टरने प्रत्येक फेजवर खात्री करा. बोर्ड बाहेर काढून ब्रशने धूळ झाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने डाखाची बाजू पुसा, दिवसभर उन्हात वाळवा. रिलेच्या मेनकडच्या पायांमध्ये आणि बारा व्होल्टच्या ट्रॅकमध्ये निदान ६ ते ८ मिमी मोकळी जागा आहे का बघा. कमी असेल तर मधे बारीक करवतीने खाच कापा, म्हणजे ओल साचायला पृष्ठभागच उरत नाही. काळी रेघ दिसली तर पॅच मारत बसू नका, बोर्ड बदला. रेघ नसेल तर डाखाच्या बाजूला क्लिअर लॅकरचे दोन हात द्या, पहिला वाळल्यावर दुसरा, आणि कापलेल्या कडांना विसरू नका, कारण पाणी तिथूनच शिरतं. बोर्ड पेटीच्या पत्र्याला टेकू न देता नायलॉनच्या खुंट्यांवर उभा बसवा, आणि केबल आत येते ते भोक रबरी ग्रोमेटने बंद करा.