आधी उतार, मग चढ

ग्रँड कॅन्यनला निघालेल्या पुणेकर ट्रेकरच्या मनात एक हिशेब पक्का असतो. दर रविवारी सिंहगड होतो, कात्रज ते सिंहगड एका रात्रीत झालेलं असतं, मग ही दरी काय अवघड? आकड्यांत हा हिशेब बरोबरच आहे. दक्षिण काठावरून ब्राइट एंजल वाटेने कोलोरॅडो नदीपर्यंत उतार आहे सुमारे १,३४० मीटरचा, म्हणजे आतकरवाडीहून सिंहगड चढतो त्याच्या साधारण दुप्पट. वाट रुंद आणि खेचरांच्या पायांनी मळलेली. घसारा नाही, कातळटप्पे नाहीत, दोर लागत नाही. तरीही या वाटेवरून चांगल्या धडधाकट माणसांना उचलून वर आणण्याची वेळ येते, ती चढाच्या उंचीमुळे नव्हे. इथे क्रम उलटा आहे. गडावर आपण ताजेतवाने असताना, सकाळच्या गारव्यात चढतो आणि दमल्यावर उतरतो. दरीत उतार आधी येतो, आणि चढ येतो तो पाय थकल्यावर, तोही भर उन्हात.

त्यातून आपले लोक तिथे जातात ते नेमके मे-जूनमध्ये. शाळांना सुट्टी असते, मुलाकडे किंवा लेकीकडे जायचा बेत ठरलेला असतो, ग्रँड कॅन्यन यादीत असतंच. दरीच्या पोटात उतरायला वर्षातला यापेक्षा वाईट काळ शोधून सापडणार नाही. (जुलै थोडा आणखी वाईट.)

या दरीचा आकार सह्याद्री पाहिलेल्या डोळ्यांना ओळखीचा वाटतो. कठीण थर असेल तिथे उभा कडा, मऊ थर असेल तिथे उतार किंवा माचीसारखं पठार. हे सूत्र दोन्हीकडे तेच. पण आपला बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, तर तिथले बहुतेक थर समुद्रतळावर, किनाऱ्यावर आणि वाळवंटात साचलेले. काठावरची कैबाब चुनखडी सुमारे २७ कोटी वर्षांची आहे. आपल्याकडे लाव्हा वाहत होता तेव्हा ती वीस कोटी वर्षांची जुनी झाली होती. खाली रेडवॉल चुनखडीचा दीडशे मीटरचा कडा लागतो. त्याचा खडक मुळात राखाडी. वरच्या थरांतून ओघळलेल्या लोहाने तो लाल झालाय. तळाशी काळपट विष्णू शिस्ट, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला खडक, वय सुमारे १७५ कोटी वर्षं. काही ठिकाणी त्याच्यावर थेट ५१ कोटी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म बसलेला दिसतो. मधल्या सव्वाशे कोटी वर्षांची पानंच तिथे गायब आहेत. नदीने ही दरी कोरली ती मात्र मुख्यतः गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत. काही भाग त्याहून खूप जुने असावेत, असं म्हणणारे भूशास्त्रज्ञही आहेत आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

खडकाचा हा फरक ट्रेकरच्या पाण्याच्या बाटलीपर्यंत पोचतो. आपल्या गडांवर बेसॉल्टमध्ये टाकं खोदलं की पावसाचं पाणी वर्षभर टिकतं. चुनखडीत ते भेगांतून झिरपत खाली जातं आणि खालच्या चिकणमातीच्या खडकाने, म्हणजे ब्राइट एंजल शेलने अडवलं की झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. म्हणून काठ कोरडाठाक असतो आणि दरीच्या अर्ध्यावर, सात किलोमीटर उतरल्यावर, हवासुपाई गार्डन्सला हिरवी झाडं दिसतात. काठावरच्या हॉटेलांना लागणारं पाणीसुद्धा दरीच्या पलीकडच्या बाजूच्या झऱ्यातून येतं, १९६० च्या दशकात टाकलेल्या पाइपलाइनने. ती वारंवार फुटते आणि मग वाटेवरचे नळ कोरडे पडतात. साऊथ कैबाब या दुसऱ्या वाटेवर तर पाणी मुळीच नाही.

आता उष्णता. जुलैत काठावर दुपारचं सरासरी कमाल तापमान २९ अंशांच्या आसपास असतं आणि तळाशी ४१. कोरडी हवा खाली उतरताना दाबली जाते आणि दर किलोमीटरला जवळपास दहा अंशांनी तापते. सिंहगडावर पुण्यापेक्षा गार वाटतं, त्याच नियमाची ही दुसरी बाजू. शिवाय तळाच्या घळीतला काळा शिस्ट दिवसभर ऊन शोषतो आणि सूर्य गेल्यावरही तासन् तास उष्णता सोडत राहतो.

हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, गरम झाली की शरीराला थंड व्हायला एकच मार्ग उरतो: घाम वाळणं. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. चढ चढणारं शरीर तासाला साधारण तेवढीच उष्णता तयार करतं. म्हणजे तासाला लिटरभर घाम हवाच, वरून उन्हाचा भार निराळा. कोरड्या हवेत घाम झटपट वाळतो, त्यामुळे ही यंत्रणा उत्तम चालते. मे महिन्यात पुण्यात डेझर्ट कूलर खोली गार करतो आणि मुंबईत नुसती दमट करतो, तसंच. पण याच कारणाने माणूस फसतो. कोकणातल्या गडावर शर्ट पिळून काढावा लागतो, तेव्हा कळतं की आपलं पाणी चाललंय. इथे कातडी कोरडी, शर्ट कोरडा, कडेला फक्त मिठाची पांढरी रेघ. घाम येतच नाहीये असं वाटत राहतं. तिथले जाणते लोक सुती शर्ट झऱ्यात बुडवून तसाच अंगात घालतात. पावसाळी ट्रेकला ओला सुती शर्ट अंगावर ठेवू नका म्हणतो, तो सल्ला इथे उलटा करावा लागतो.

मग भरपूर पाणी प्यायचं, एवढंच ना? नाही, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. लिटरभर घामातून साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, म्हणजे अर्धा चमचा मीठ. चार-पाच तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्त पातळ होत जातं. रक्तातलं सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असायला हवं; ते खूप खाली गेलं की मेंदूच्या पेशी फुगतात. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. उन्हाच्या थकव्याचीही सुरुवातीची लक्षणं हीच, त्यामुळे सोबतचे काळजीने त्याला आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण हाताबाहेर जातं. १९९० च्या दशकात ग्रँड कॅन्यनमध्ये आजारी पडलेल्या ट्रेकरांचं रक्त डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा त्यांतल्या काहींमध्ये हाच दोष निघाला.

सिंहगडावर आपण याचा कधी विचार करत नाही, कारण त्याची सोय आपोआप होते. वाटेत मीठ-तिखट लावलेली कैरी, लिंबू सरबत, वर पोचल्यावर ताक आणि पिठलं-भाकरी. दरीत ही सोय सोबत न्यावी लागते: खारे शेंगदाणे, भडंग, ओआरएसची पाकिटं. तहान लागेल तसं प्यायचं आणि दर वेळी काहीतरी खारट खायचं. वजनाला हलकं आणि आपल्या जिभेला आवडणारं असं याहून चांगलं औषध नाही.

पायांची गोष्ट थोडक्यात. उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच भार पेलतात. या कामाला ऊर्जा कमी लागते, म्हणून दम लागत नाही आणि सगळं सोपं वाटतं. पण स्नायूंच्या तंतूंना इजा याच कामात जास्त होते. नदीवर पोचेपर्यंत मांड्या भरून आलेल्या असतात. पुढे चढ पंधरा किलोमीटरचा, आणि शेवटचा टप्पा २,१०० मीटर उंचीवरचा, कळसूबाईच्या शिखरापेक्षाही वर. तिथल्या प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीपेक्षा पाचव्या हिश्शाने कमी प्राणवायू मिळतो. उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा, असं तिथले रेंजर सांगतात. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार दरीच्या पोटात चालू नका, हेही त्यांचंच सांगणं. पहाटे उतरून दुपार झाडाखाली काढायची आणि संध्याकाळी निघायचं.

अरुंद दऱ्यांना आणखी एक धोका असतो, पाण्याचा. सांदण दरी पावसाळ्यात टाळायची हे आपल्याला माहीत आहे, पण आपण डोक्यावरचं आभाळ बघून ठरवतो. ॲरिझोना आणि युटामध्येही मान्सून असतो, जुलै ते सप्टेंबर, दुपारच्या वादळांचा. उघड्या खडकावर पाणी मुरत नाही, ते थेट घळीत उतरतं. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले, ते काही किलोमीटर लांब पडलेल्या पावसाच्या लोंढ्यात. झायन राष्ट्रीय उद्यानातली 'नॅरोज' ही वाट तर नदीच्या पात्रातूनच जाते. भिंती तीनशे मीटर उंच, आणि काही ठिकाणी पात्र जेमतेम सहा-सात मीटर रुंद. तिथे प्रवाह १५० क्युसेकच्या वर गेला की वाट बंद करतात. खडकवासल्यातून मुठेत हजारो क्युसेक सोडल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचणाऱ्या पुणेकराला तो आकडा फारच किरकोळ वाटेल.