दोन जीबीचा लॅपटॉप आणि चुकलेली रांग

"सर, भंगारवाला तीनशे देतो म्हणाला. त्याआधी तुम्ही एकदा बघा," असं म्हणत अण्णांनी लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे, टॉवेल आणि चादरींचा. लॅपटॉपच्या कळांमध्ये सुताची लव अडकली होती आणि पंख्याच्या जाळीवर तर तिचं पातळ फडकंच विणलं गेलं होतं. चिमट्याने ओढलं तर अख्खं एका तुकड्यात निघालं. एक दुखणं तिथेच संपलं म्हणायचं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४२ च्या पुढे जातो, त्यात हवा अडली की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो, आणि आपण "व्हायरस असेल" म्हणत बसतो.

पण अण्णांची अडचण वेगळी होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, म्हणजे चालू कामं मांडायची जागा, लागते, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. या लॅपटॉपमध्ये रॅम २ जीबी, आणि टीपीएम कशाशी खातात हे त्याला माहीत नाही. त्यातच अण्णांच्या मुलाला व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आला होता: लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाका, जुना लॅपटॉप रॉकेट होतो.

मी वीसेक वर्षं लिनक्स वापरतोय, तरी असले व्हिडिओ पाहिले की माझं डोकं फिरतं. लिनक्स टाकल्याने प्रोसेसर नवा होत नाही. लिनक्सचं कर्नल, म्हणजे १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेला तो गाभा, जड वितरणात (गाभा आणि वरचे प्रोग्रॅम मिळून तयार संच म्हणजे वितरण) आणि हलक्या वितरणात जवळपास एकच असतो. फरक असतो वरच्या पसाऱ्यात. हलकं वितरण खिडक्यांच्या सावल्या काढत नाही, मागे वीस सेवा चालू ठेवत नाही, डेस्कटॉप साधा ठेवतं. घरात सामान कमी म्हणून जागा जास्त, एवढीच ती जादू. ब्राउझर उघडलात की तो मात्र कोणत्याही वितरणात तेवढीच रॅम खातो.

मी जे वितरण निवडलं त्याची बीटा आवृत्ती नुकतीच आली होती. बीटा म्हणजे नवीन सोयी घालून झाल्यात, आता लोकांनी वापरून चुका शोधा, अशी अवस्था. अण्णांच्या हिशेबाच्या फाइली आधी दुसरीकडे उतरवून घेतल्या, कारण बीटावर कामाचा डेटा ठेवणं म्हणजे वेडेपणा. मग वितरणाची फाइल इंटरनेटवरून उतरवली आणि तिचा एसएचए-२५६ ठसा ताडून पाहिला. हा ६४ चिन्हांचा ठसा असतो आणि फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी तो पार वेगळा येतो. बरेच जण ही पायरी टाळतात आणि अर्धवट उतरलेल्या फाइलचं खापर वितरणावर फोडतात.

पेनड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता, लॅपटॉप सुरू केला. मस्त चालला. ब्राउझरमध्ये सहा टॅब, शेजारी हिशेबाची शीट, तरी माउस अडखळला नाही. म्हटलं झालं काम, हार्ड डिस्कवर बसवून टाकू. बसवलं. आणि तेच सहा टॅब उघडल्यावर लॅपटॉप मेल्यासारखा थांबला. डिस्कचा दिवा विझेना, आतून करकर आवाज. पेनड्राइव्हवरून पळणारं यंत्र डिस्कवरून रांगायला लागलं. उलट व्हायला हवं होतं ना?

थांबलेल्या पडद्यासमोर अण्णांच्या मुलाने जे केलं ते आपल्याकडे सगळेच करतात. एफ५ दाबत राहिला. "काका, रिफ्रेश केलं की जरा मोकळं होतं." बाळा, त्याने फक्त समोरची यादी किंवा चित्रं पुन्हा वाचून काढली जातात. रॅम रिकामी होत नाही, वेग वाढत नाही. मॉनिटरला लिंबू-मिरची बांधणाऱ्याला आपण हसतो, पण एफ५ हीसुद्धा तसलीच लिंबू-मिरची आहे, फक्त ती इंजिनिअरही बांधतात.

आता मला आवडणाऱ्या भागाकडे येतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे.

कर्नल रॅमचे ४ किलोबाइटचे तुकडे पाडतं. त्यांना पानं म्हणू. २ जीबीत अशी ५,२४,२८८ पानं बसतात. पानं संपत आली की कर्नल बराच वेळ कोणी न उघडलेली पानं शोधतं, सकाळपासून मागे पडून असलेल्या टॅबची वगैरे, आणि ती रॅमबाहेर नेऊन ठेवतं. या बाहेरच्या जागेला स्वॅप म्हणतात. पुढे प्रोसेसरने त्यातलं पान मागितलं की ते जागेवर नसल्याचं कळतं, काम अडतं, कर्नल पान परत आणून ठेवतं आणि काम पुढे सरकतं. आपल्याला या उचलाठेवीचा पत्ता नसतो. पत्ता लागतो तो बाहेरची जागा मंद असली की.

हार्ड डिस्क मंद असते. अण्णांच्या लॅपटॉपमधली डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय ते टोक सरकायला वेळ, मिळून १५ मिलिसेकंद धरा. दर पानामागे.

मग कोणीतरी विचार केला, की पान बाहेर न्यायचंच कशाला? रॅममध्येच एका कोपऱ्यात दाबून ठेवलं तर? ही झेडरॅमची कल्पना. नितीन गुप्ता यांनी 'कॉम्पकॅश' नावाने केलेल्या कामातून ती उभी राहिली आणि मार्च २०१४ मध्ये आलेल्या कर्नल ३.१४ पासून मुख्य प्रवाहात आहे. झेडरॅम कर्नलला सांगतं, मी एक डिस्क आहे, माझ्यावर स्वॅप कर. कर्नल विश्वास ठेवतं. प्रत्यक्षात ही डिस्क म्हणजे रॅमचाच तुकडा, फक्त त्यात येणारं प्रत्येक पान आकसून ठेवलं जातं. ४ किलोबाइटचं पान बऱ्याचदा दीड-दोन किलोबाइटमध्ये मावतं. सगळीकडे शून्यंच असलेलं पान असेल तर ते ठेवलंच जात नाही, "इथे शून्यं होती" एवढी नोंद राहते.

आकसतं कसं, हे सोलापूरकराला जकार्डवरून सांगणं सोपं जातं. जकार्डच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असते. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिचा आकडा ताण्याचा दोरा उचलतो, नसेल तिथे दोरा खालीच राहतो. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास हे यंत्र केलं. आता चादरीवर एकच फूल खालपासून वरपर्यंत पुन्हा पुन्हा येतं, तेव्हा कोणी अख्ख्या चादरीची कार्डं पाडत नाही. एका फुलाची पाडतो, माळेची टोकं जोडतो आणि माळ फिरत राहते. चादर कितीही लांब होवो, कार्डं तेवढीच. जे पुन्हा येतं ते पुन्हा लिहायचं नाही.

अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांनी १९७७ मध्ये हेच तत्त्व कुठल्याही मजकुराला लावलं. समजा पानात असं आहे: "सोलापुरी चादर, सोलापुरी टॉवेल, सोलापुरी चटणी". पहिलं "सोलापुरी" पूर्ण लिहायचं. दुसऱ्या वेळी फक्त खूण करायची, की इतकं मागे जा आणि इतकं उचल. अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना-मात्रा-वेलांटी ही वेगळी चिन्हं धरली जातात. म्हणजे "सोलापुरी" ८ चिन्हं, २४ बाइट. एलझेड४ या दाबण्याच्या पद्धतीत मागे जाण्याच्या खुणेला यासाठी ४ बाइट पुरतात: एक सुरुवातीचा, दोन अंतराचे आणि लांबी जरा जास्त म्हणून आणखी एक. २४ च्या जागी ४. आणखी गंमत म्हणजे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट कायम २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. एवढं एकसुरी लिहिणारी लिपी दाबणाऱ्याला आवडणारच. झेडस्टँडर्डसारख्या पद्धती याचाही फायदा उचलतात, त्यांना वेळ मात्र थोडा जास्त लागतो. उलट जेपीजी फोटो किंवा कुलूपबंद केलेला डेटा आकसत नाही, त्यातली पुनरावृत्ती आधीच काढलेली असते किंवा लपवलेली असते.

उलगडायला किती वेळ? अशा जुन्या प्रोसेसरला एका पानामागे १० मायक्रोसेकंद धरू. डिस्कचे १५ मिलिसेकंद म्हणजे याच्या १५०० पट. दाबलेलं पान परत मिळायला १ सेकंद लागतो असं मानलं, तर डिस्कवरचं मिळायला २५ मिनिटं. तेवढ्यात माणूस कोपऱ्यावर जाऊन चहा पिऊन, ओळखीच्या दोघांशी बोलून परत येतो. प्रोसेसर तोवर त्या पानाची वाट बघत ताटकळतो.

(नवी पेठेतल्या मोबाइल दुकानांत "८ + ८ जीबी रॅम" असा बोर्ड दिसतो. त्यातले दुसरे ८ म्हणजे फोनच्या साठवणुकीवरची स्वॅपची जागा. तिला रॅम म्हणणं म्हणजे गच्चीला बेडरूम म्हणणं.)

हे सगळं डोक्यात असल्यामुळे मला संशय आला. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून स्वॅपची यादी मागवली. दोन ओळी आल्या. हार्ड डिस्कवरची स्वॅप: प्राधान्य उणे २, वापर ७०० एमबीच्या वर. झेडरॅम: प्राधान्य उणे ३, वापर शून्य.

शून्य! एवढं सुंदर यंत्र जागेवर होतं, चालू होतं आणि रिकामं बसलं होतं.

कर्नल स्वॅपच्या जागांना रांगेत उभं करतं. ज्याचा प्राधान्याचा आकडा मोठा, ती जागा आधी भरते, ती भरली की पुढची. आकडा तुम्ही दिला नाही तर कर्नल स्वतः देतं, उणे २ पासून खाली, जी जागा आधी चालू झाली तिला वरचा नंबर. पेनड्राइव्हवरून चालवताना डिस्कवरची स्वॅप नव्हतीच, एकटं झेडरॅम होतं, म्हणून सगळं पळत होतं. डिस्कवर बसवताना इन्स्टॉलरने स्वॅपचं वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा राखून ठेवलेला तुकडा, केलं, चालू होताना ते झेडरॅमच्या आधी जागं झालं आणि रांगेत पुढे जाऊन उभं राहिलं. झेडरॅमला १०० वगैरे आकडा द्यायचा तो बीटात राहून गेला होता.

एका ओळीत १०० लिहिलं, पुन्हा सुरू केलं, तेच सहा टॅब. डिस्क गप्प. थोड्या वेळाने झेडरॅमचा हिशेब मागितला तर ६०० एमबीच्या आसपास पानं साधारण २१० एमबीत बसलेली. जाता जाता 'स्वॅपिनेस'ही वाढवला. पानं किती हिरिरीने बाहेर ढकलायची हे ठरवणारा हा आकडा मुळात ६० असतो. पूर्वी तो १०० च्या वर नेता येत नसे, २०२० च्या कर्नल ५.८ पासून २०० पर्यंत नेता येतो, ते असल्याच वेगवान स्वॅपसाठी. मी १५० ठेवला. हे वाक्य कळलं नाही तरी लॅपटॉप चालतो.

मग वितरण बनवणाऱ्यांना तक्रार लिहिली. बीटा तपासण्यातलं खरं काम हे आहे. "स्लो आहे, काहीतरी करा" याला तक्रार म्हणत नाहीत. कुठलं यंत्र, रॅम किती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि त्या दोन ओळी जशाच्या तशा. पेनड्राइव्हवर होत नाही, डिस्कवर होतं, हे वाक्य मी सर्वांत वर ठेवलं, कारण शोध तिथूनच सुरू होतो. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: त्या वेळी डिस्कवर स्वॅप पार्टिशन होतं का? होतं म्हटलं. आठवड्याभरात दुरुस्ती आली, एका ओळीची. त्यांच्या तपासणीच्या यंत्रांना भरपूर रॅम असणार, स्वॅपपर्यंत गाडी गेलीच नसणार, असा माझा अंदाज. २ जीबीच्या लॅपटॉपला किंमत असते ती अशी.

अण्णा लॅपटॉप न्यायला आले तेव्हा मी उत्साहात जकार्ड आणि झेडरॅम सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. "जकार्डचं बरोबर आहे सर, कार्डं तेवढीच लागतात. पण मराठी टाइप होतंय का?"

होतंय म्हटलं आणि इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर लिहून दाखवलं: "दुसऱ्या पाळीचा हिशेब". पडद्यावर आलं "दुसर्या". र चा रफार होऊन पुढच्या या च्या डोक्यावर. आमच्या मराठीच्या ऱ्या ची ही जुनी रड. मी लगेच फॉन्ट बघितला, लोहित होता. दुसरा फॉन्ट लावून पाहिला, तेच. दुसरी तक्रार लिहायला घेतली, यंत्र, आवृत्ती, काय केलं, काय झालं, सगळं पुन्हा व्यवस्थित.

माझी पुतणी मागून बघत होती. "काका, तू नुसती J ची कळ दाबतोयस. शिफ्ट धरून J दाब, मग येतो तो ऱ."

आला.