लव्हबर्डच्या पिंजऱ्यातलं माकूळ

गेल्या महिन्यात कोथरूडला ताईकडे गेले, तर भाची हॉलभर पसारा मांडून बसली होती. चौथीचा प्रकल्प, ‘महासागरातील प्राणी’. अप्पा बळवंत चौकातून आणलेला चित्रांचा तक्ता कापून ती एकेक चित्र कार्डशीटवर चिकटवत होती. देवमासा, शार्क, डॉल्फिन, पेंग्विन, नारिंगी पट्ट्यांचा क्लाउनफिश. नावं सगळी तोंडपाठ. “यातलं तू काय काय पाहिलंयस?” असं विचारलं, तर म्हणाली, “मावशी, समुद्रातले प्राणी पुण्यात कसे दिसतील?”

तिच्या डोक्यावरच, खिडकीत, लव्हबर्डचा पिंजरा टांगलेला होता. गजांना तारेनं बांधलेला एक पांढरा लांबट तुकडा दोन्ही पक्षी चोचीनं कुरतडत होते. तो सोडवून मी तिच्या हातात दिला. “हा समुद्रफेस,” तिनं लगेच सांगितलं. “यातून पक्ष्यांना कॅल्शिअम मिळतं.” आणि समुद्रफेस म्हणजे काय? “समुद्राचा फेस वाळून घट्ट झालेला!”

हे उत्तर तिचं एकटीचं नाही. मोठी माणसंही अगदी खात्रीनं हेच सांगतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. मराठीत समुद्रफेस, संस्कृतात समुद्रफेन, नावातच फेस आहे. पण लाटेचा फेस म्हणजे हवेचे बुडबुडे. ते फुटले की उरतं ते पाणी, वीतभर लांबीचा पांढरा ठोकळा उरत नाही. हा ठोकळा एका प्राण्यानं आपल्या पाठीत, कातडीच्या आत घडवलेला असतो. त्या प्राण्याला इंग्रजीत कटलफिश म्हणतात आणि आपल्या किनाऱ्यावर माकूळ. (माकूळ हे नाव स्क्विडलाही चालतं. त्याच्या अंगात मात्र हा ठोकळा नसतो, पारदर्शक प्लॅस्टिकसारखी एक पात असते.) नावात फिश असलं तरी तो मासा नाही. गोगलगाय आणि शिंपले यांच्याच मृदुकाय कुळातला तो आहे. आठ हात, शिकारीवर झेप टाकणारे दोन लांब शुंडक, तीन हृदयं, तांब्यामुळे निळसर दिसणारं रक्त. गोगलगायीनं कवच बाहेर ठेवलं, याच्या पूर्वजांनी ते आत घेतलं. माकूळ मेलं की मांस इतर प्राणी खातात, हलकं कवच तरंगत तरंगत किनाऱ्याला लागतं आणि तिथून काष्ठौषधीच्या दुकानात किंवा पक्ष्यांच्या पिंजऱ्यात येतं.

माकूळ क्षणात रंग बदलतं, ही गोष्ट मुलांना व्हिडिओंमुळे माहीत असते. ती अद्भुतच आहे, पण माझा जीव या पांढऱ्या ठोकळ्यात अडकलेला आहे.

आम्ही आधी त्यावर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले. शिंपल्यासारखंच हेही कॅल्शिअम कार्बोनेट, त्यामुळे आम्ल पडताच कार्बन डायऑक्साइड सुटतो. मग तुकडा बादलीत टाकला, तर तो थर्मोकोलसारखा वर तरंगला. एक बाजू कडक आणि खरखरीत, दुसरी इतकी मऊ की नखानं ओरखडा उठतो. तो मोडून तुटलेली कड भिंगाखाली धरली तेव्हा भाची गप्पच झाली. वहीच्या पानांसारखे एकावर एक पातळ पडदे, आणि दोन पडद्यांच्या मधे त्यांना तोलून धरणाऱ्या, केसाहून बारीक नागमोडी भिंती. एखाद्या इमारतीचे मजले आणि खांबच जणू. कोरड्या तुकड्यात नव्वद टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असते. प्राणी वाढतो तसा मऊ बाजूला, म्हणजे पोटाकडे, नवा मजला चढत जातो.

एवढे रिकामे मजले कशासाठी? मांस समुद्राच्या पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे नुसतं एका जागी थांबायचं तरी सतत पोहत राहावं लागेल. समजा, एका माकुळाचं घनफळ १०० मिलीलिटर आहे. त्यातले सुमारे ९ मिलीलिटर हे कवच व्यापतं. तेवढ्याच समुद्राच्या पाण्याचं वजन साधारण ९.२ ग्रॅम भरेल, पण जिवंत माकुळातल्या कवचाची घनता मिलीलिटरला ०.६ ग्रॅमच्या आसपास असल्यानं त्याचं वजन ५.४ ग्रॅमच. म्हणजे ३.८ ग्रॅमचा उचल मिळाला आणि बाकीच्या शरीराचं जास्तीचं वजन फिटलं. माकूळ पाण्यात ना बुडतं ना वर येतं.

बऱ्याच माशांकडे यासाठी हवेची पिशवी असते. पण पिशवी लवचीक असते. दर दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाएवढा दाब वाढतो, पिशवी आक्रसते आणि मासा जड होतो. माकुळाचं कवच ताठ असल्यानं आक्रसत नाही. शिवाय त्यातल्या काही मजल्यांत द्रव असतो आणि काहींत वायू. द्रव कमी केला की प्राणी हलका, वाढवला की जड. दिवसा वाळूत दडून बसायचं तेव्हा जड व्हायचं, रात्री शिकारीला निघायचं तेव्हा हलकं.

मग हा द्रव बाहेर काढतो कोण? वायू आत ढकलून पाणी हाकलत असेल, असं कुणालाही आधी वाटेल, कारण पाणबुडीत तसंच करतात. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत एरिक डेंटन आणि जॉन गिल्पिन-ब्राउन यांनी हे तपासलं आणि १९६१ मध्ये निष्कर्ष मांडले. कवचातल्या वायूचा दाब त्यांना वातावरणाच्या दाबाहूनही कमी, त्याच्या ०.८ पटीच्या आसपास आढळला. इतका क्षीण वायू पाण्याला काय ढकलणार? ते काम मीठ करतं.

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की पाणी सुटतं. पाणी कमी खारट बाजूकडून जास्त खारट बाजूकडे जातं, हेच शाळेतलं परासरण. माकुळाचं रक्त समुद्राइतकंच खारट असतं. कवचाच्या खालच्या अंगाला जिवंत पेशींचा पडदा असतो. या पेशी मजल्यातल्या द्रवातलं मीठ उचलून रक्तात टाकतात. द्रव अळणी होतो, रक्त त्यातलं पाणी ओढून घेतं आणि मागे पोकळी उरते. वायू, बहुतेक नायट्रोजन, नंतर सावकाश त्या पोकळीत झिरपतो. पाणी आधीच गेलेलं असतं, वायू फक्त मोकळ्या जागेत येऊन बसतो. खोल पाण्यात समुद्र द्रवाला पुन्हा आत रेटू पाहतो, तेव्हा द्रव आणखी अळणी ठेवून माकूळ तो रेटा तोलून धरतं. १०० मीटरवर त्यासाठी साधारण दहा वातावरणांचा परासरणी ताण लागतो. द्रव अगदी गोड्या पाण्यासारखा केला तरी हा ताण सुमारे २४ वातावरणांपलीकडे जात नाही. त्यामुळे या पंपाची हद्द २४० मीटरच्या आसपास संपते. ताठ कवचालाही मर्यादा आहेच. जातीनुसार २०० ते ६०० मीटरच्या दरम्यान ते दाबाखाली फुटतं.

हेच मजल्यांचं तंत्र आणखी एका वस्तूत आहे आणि ती ताईच्या देवघरात होती. शाळिग्राम. नेपाळच्या गंडकी नदीत मिळणारा हा काळा दगड म्हणजे अमोनाइट या सागरी प्राण्याचा जीवाश्म, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, जेव्हा हिमालयाच्या जागी समुद्र होता. फुटलेल्या शाळिग्रामात चक्राकार कप्पे दिसतात, ते याच कुळातले कप्पे. ६.६ कोटी वर्षांपूर्वी अमोनाइट संपले, त्याच सुमारास आपल्या पायाखालचा हा दख्खनचा लाव्हा वाहत होता. भाचीच्या आजीला हे सांगितलं तेव्हा तिनं शाळिग्राम तबकात घेऊन नातीला हात लावू दिला. तिच्या पूजेत त्यानं काही उणं झालं नाही.

चीड येते ती दुसऱ्या एका वस्तूची. वास्तुदोष घालवायला म्हणून काचेच्या चौकटीत ‘इंद्रजाल’ विकतात. वाळलेल्या झाडासारखं दिसणारं हे काळं जाळं वनस्पती नाही. तो काळ्या प्रवाळाचा किंवा समुद्रपंख्याचा, म्हणजे असंख्य चिमुकल्या प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा असतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून यांचा समावेश आहे, तेव्हा ते विकणं आणि विकत घेणं हा गुन्हा आहे. त्यानं दोष जात नाहीत, समुद्राच्या तळावरची एक वसाहत मात्र जाते. मुलांना घेऊन कुणाकडे गेलात आणि भिंतीवर ते दिसलं, तर हे जरूर सांगा.

भाचीचा पुढचा प्रश्न साधा होता, माकूळ कुठे कुठे राहतं? नकाशा काढला. कोकणचा किनारा, आफ्रिका, भूमध्य समुद्र, जपान. दक्षिण ऑस्ट्रेलियात वायाला गावाजवळच्या उथळ पाण्यात मे ते ऑगस्टमध्ये हजारो महाकाय कटलफिश अंडी घालायला जमतात, तिथे तिनं चांदणी काढली. पेन्सिल अटलांटिक ओलांडायला लागली तशी मी तिला थांबवलं. अमेरिकेच्या किनाऱ्यांवर कटलफिश नाहीत. मधल्या महासागराचा तळ हजारो मीटर खोल आहे, आणि तळाला धरून राहणाऱ्या या प्राण्याला तो ओलांडता आला नसावा, असं मानलं जातं.

तिनं तुटलेला तुकडा हातात घेऊन त्याची कड पुन्हा एकदा भिंगाखाली धरली. मग पेंग्विन काढून त्या जागी तो तुकडा लावला. डिंकानं टिकेना म्हणून कार्डशीटला दोन भोकं पाडून दोऱ्यानं बांधला. नकाशावर बाकी सगळे किनारे निळे रंगवले आणि अमेरिकेचे दोन्ही कोरे ठेवले.