घाम गळला म्हणजे चरबी जळली असं नसतं हो
सोलापूरच्या होम मैदानावर पहाटे एकजण मे महिन्यात रेनकोट घालून पळतोय, का तर म्हणे घाम जास्त आला की चरबी वितळते. अहो घाम म्हणजे पाणी आणि मीठ. पळून आल्यावर काटा 1 किलो कमी दाखवतो ते साधारण 1 लिटर पाणी गेलेलं असतं, दोन तांबे ताक-पाणी पोटात गेलं की परत तिथंच. चरबी जळते तेव्हा तिचा बराचसा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातनं जातो.

आणि नुसता घाम येऊन अंग गार होत नाही, तो वाळला पाहिजे. आपल्याकडं एप्रिलात पारा 40 च्या वर पण हवा कोरडी, घाम दिसायच्या आधीच वाळतो, वाटतं आलाच नाही (टोपीवरचे पांढरे मिठाचे डाग बघा मग). वळीव पडून हवा दमट झाली की तो नुसता निथळतो आणि अंग तापतच राहतं. रेनकोटात तेच होतं, म्हणजे सोलापुरात राहून अंगावर मुंबई घालून पळायचं! पळताना कुणी बरळायला लागलं तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

उन्हाची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात, तोवर जरा हळू पळा.