घरावरच्या दुसऱ्या कर्जाचा हप्ता झेपेना? अर्ज देण्याआधी एवढं वाचा

घरावर आधीचं घरकर्ज चालू असताना धंद्यासाठी, लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी त्याच घरावर दुसरं कर्ज उचललं आणि आता उत्पन्न घटल्यामुळे दोन हप्ते एकदम ओढवत नाहीत, अशा ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. हप्त्यात किंवा मुदतीत सवलत मागायचा अर्ज आम्ही फी घेऊन तयार करून देतो. हप्ता, मुदत, तारण या गोष्टी तुम्हाला माहीत आहेत, त्या इथे सांगत नाही. फोनवर रोज तेच तेच सांगावं लागतं ते मात्र सविस्तर छापलं आहे.

आम्ही सगळ्यात आधी विचारतो, दुसरं कर्ज कुणाचं? सांगली-मिरजेकडे तीन तऱ्हा दिसतात. पहिली, त्याच बँकेचं टॉप-अप, म्हणजे चालू घरकर्जावर दिलेलं वाढीव कर्ज. यात एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. बँक थकबाकी खात्यावर मोजते, पण एन.पी.ए.चा, म्हणजे कर्ज थकीत गेल्याचा, शिक्का कर्जदारावर मारते. टॉप-अपचं खातं एन.पी.ए. झालं की त्याच बँकेतलं तुमचं नियमित घरकर्जही त्याच्यासोबत जातं. "टॉप-अप थांबवू, घरकर्ज भरत राहू" हा हिशोब तिथे चालत नाही.

दुसरी तऱ्हा, घरकर्ज बँकेचं आणि मॉर्गेज लोन, म्हणजे तेच घर तारण ठेवून घेतलेलं कर्ज, फायनान्स कंपनीचं. इथे कंपनीचा बोजा दुसरा असतो. उद्या घर विकायची वेळ आलीच तर आधी बँकेचे पैसे फिटणार आणि उरलं तर कंपनीला मिळणार. त्यामुळे तुम्ही कोलमडू नये यात कंपनीचाही स्वार्थ असतो. हे मनात ठेवून बोलायला बसा. हात जोडून बसायची गरज नाही, आणि दमदाटीचीही नाही.

तिसरी तऱ्हा पतसंस्थेच्या स्थावर तारण कर्जाची. तिथे रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होत नाहीत, सहकार कायदा लागतो. वसुलीला त्या कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांचा वसुली दाखला निघतो. सवलतीचा निर्णय संचालक मंडळ घेतं, म्हणून अर्ज सभेच्या आधी पोचला पाहिजे. सभा झाली की पुढच्या सभेपर्यंत अर्ज कपाटात. मात्र बेदाण्याचे किंवा हळदीचे पैसे हातात येतील त्या महिन्यांत मोठा हप्ता आणि एरवी लहान, अशी मागणी ऐकून घेणारी जागाही बहुधा हीच.

आता ज्या चुकीसाठी हे पत्रक काढावं लागलं ती. ग्राहक फक्त दुसऱ्या कर्जाचे कागद घेऊन येतात. पहिल्याचं विचारलं की म्हणतात, "ते रेग्युलर आहे हो, त्याचा इथं काय संबंध?" सोनेतारण, भिशीची उचल, मेहुण्याकडचे हातउसने यांचा तर उल्लेखच नसतो. जास्त देणी दाखवली तर बँक घाबरेल, असं वाटत असतं. होतं मात्र उलटं.

अर्ज तपासणारा अधिकारी एकच गणित मांडतो. घरात महिन्याला येतात किती, घर चालवायला लागतात किती, आणि सवलत दिल्यावर उरलेल्या पैशात सगळे हप्ते बसतात का?

कुपवाड एमआयडीसीत लेथवर जॉबवर्क करणाऱ्या एका ग्राहकाचं उदाहरण घ्या. ऑर्डरी कमी झाल्या, महिन्याची मिळकत ५६,००० वरून ४६,००० वर आली. फायनान्स कंपनीचे १२ लाख बाकी, दर १२ टक्के, मुदत ७ वर्षं उरलेली, हप्ता २१,२०० च्या आसपास. त्यांनी स्वतःच अर्ज लिहून दिला होता. त्यात मिळकत ४६,०००, हप्ता २१,२०० आणि घरखर्च १४,५००. वजाबाकी केली की १०,३०० रुपये शिल्लक! अर्जाच्या पहिल्या ओळीत "अत्यंत हलाखीची परिस्थिती" आणि खाली दहा हजारांची शिल्लक. कोण सवलत देईल?

सोबत जोडलेल्या बँक स्टेटमेंटमध्ये मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला १४,२०० चा घरकर्जाचा हप्ता वळता होत होता आणि १० तारखेला सोनेतारणाच्या व्याजाचे १,०००. अधिकाऱ्याने दोन्ही नोंदींना पेन्सिलने गोल केले आणि समासात लिहिलं, "सर्व देणी जाहीर करावीत." फाईल परत. तोवर स्टेटमेंट जुनं झालं, नवीन काढायला लागलं. सहकर्जदार म्हणून पत्नीची सही हवी, त्या माहेरी जतला गेलेल्या. या सगळ्यात खातं ६० दिवसांच्या पुढे गेलं.

तोच अर्ज खरा लिहिला असता तर ४६,००० मधून १४,२००, २१,२००, १,००० आणि १४,५०० वजा जाता दरमहा ४,९०० कमी पडतात. उरलेली मुदत ७ वर्षांवरून १२ वर्षं केली तर हप्ता सुमारे १५,८०० वर येतो, म्हणजे ५,४०० ने उतरतो, आणि महिना ५०० रुपये हातात राहून निघतो. अडचण किती आणि औषध किती, दोन्ही एका कागदावर दिसतं. अधिकाऱ्याला वरच्या कार्यालयात मांडायला हेच लागतं. लपवलेलं देणं एरवीही लपत नाही. बँकेचं कर्ज सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या अहवालात, दिसतं, आणि जे सिबिलमध्ये दिसत नाही ते स्टेटमेंटमध्ये सापडतं.

म्हणून आमच्याकडे येताना एका कागदावर सगळी देणी लिहून आणा. कुणाचं, किती बाकी, हप्ता किती, कोणत्या तारखेला, तारण काय. आणि नवरा-बायको दोघांनीही या. एकाला माहीत नसलेलं कर्ज आमच्या टेबलावर पहिल्यांदा उघडं पडतं, असं बऱ्याचदा होतं. अवघड प्रसंग असतो, पण बँकेच्या केबिनमध्ये उघडं पडण्यापेक्षा बरा.

मुदत वाढवून मागणं म्हणजे फुकटची सवलत नव्हे, हेही आम्ही आधीच सांगतो. वरच्या उदाहरणात हप्ता ५,४०० ने उतरला, पण शेवटपर्यंत तसंच चाललं तर व्याजापोटी एकूण सुमारे ४ लाख ९० हजार जास्त जातात. सहा महिने हप्ताच नको म्हटलं तर त्या काळाचं व्याज मुद्दलात मिळवून बाकी ७३,८०० च्या आसपास वाढते. तरीही घर वाचत असेल तर मुदत वाढवून घ्यावी, आणि दिवस पालटले की जादा रक्कम भरून मुदत खाली आणावी, असं आमचं मत आहे. धंद्यासाठी नसलेलं, व्यक्तीच्या नावावरचं, बदलत्या दराचं कर्ज असेल तर लवकर भरल्याबद्दल दंड लागत नाही. धंद्यासाठी घेतलं असेल तर करार बघायला लागेल, तो घेऊन या.

दर बदलता असेल तर आणखी एक रस्ता आधी तपासा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं आहे की व्याजदर वाढून हप्ता किंवा मुदत बदलते तेव्हा वैयक्तिक कर्जदाराला हप्ता वाढवायचा की मुदत वाढवायची हे निवडायची संधी द्यावी. तुमची ओढाताण दरवाढीमुळेच असेल तर हा रस्ता सोपा. "अडचणीमुळे सवलत द्या" म्हटलं की खातं पुनर्रचित, म्हणजे अडचणीमुळे अटी बदलून दिलेलं, ठरतं, बँकेला ते सर्वसाधारणपणे एन.पी.ए.त टाकून संभाव्य तोट्यासाठी जादा रक्कम बाजूला ठेवावी लागते, आणि तुमच्या सिबिलवरही तशी नोंद होते. मॅनेजर कचरतो त्याला कारण आहे, तो तुमचा दुष्मन नसतो.

कोरोनातली योजना अजून चालू आहे का, असं अजूनही विचारतात. नाही. मार्च ते ऑगस्ट २०२० ची हप्तेसवलत आणि त्यानंतरच्या २०२० व २०२१ च्या दोन पुनर्रचना योजना त्या काळापुरत्या होत्या. आता प्रत्येक अर्ज त्या-त्या बँकेच्या धोरणाने आणि अर्जाच्या दमावर चालतो.

वेळेचं गणित असं. हप्ता चुकल्यापासून ३०, ६० आणि ९० दिवस असे तीन टप्पे बँक मोजते. ९० दिवस ओलांडले की खातं एन.पी.ए. त्यानंतर एखादा हप्ता भरून ते नियमित होत नाही, सगळी थकबाकी एकदम मिटवावी लागते. त्यामुळे अर्ज पहिल्या ३० दिवसांत जावा. खरं तर हप्ता चुकायच्या आधी, ऑर्डर गेली किंवा अवकाळीने बाग झोपली त्याच महिन्यात गेला तर उत्तम. बागेचं किंवा पुराचं कारण असेल तर पंचनाम्याची प्रत, नोकरी गेली असेल तर कंपनीचं पत्र, आजारपण असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि बिलं. पानभर रडगाण्यापेक्षा एक पंचनामा जड भरतो.

पत्र मराठीतही चालतं, निदान आमच्या अनुभवात कुणी अडवलेलं नाही. काय झालं, केव्हापासून, मिळकत किती होती, किती राहिली, नेमकं काय मागतो, किती काळासाठी, आणि पुढे कसं फेडणार. एका पानात बसतं. शाखेत देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, तीच प्रत ईमेलने पाठवा. "साहेबांशी बोलणं झालंय" याला कागदोपत्री किंमत शून्य, कारण साहेबांची बदली होते. वसुलीवाल्या पोराला फोनवर सांगितलेलंही अर्जात धरत नाहीत. त्याचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर येत असतील तर ते नियमाबाहेर आहे, तारीख-वेळ लिहून ठेवा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही तर बँकेविरुद्ध, आणि बहुतेक मोठ्या फायनान्स कंपन्यांविरुद्ध, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, विनाशुल्क तक्रार करता येते. लोकपाल "सवलत द्या" असा हुकूम देत नाही, तो बँकेचा व्यवहारी निर्णय समजला जातो. पण उत्तरच देत नाहीत, दंडाची आकारणी चुकीची आहे, या तक्रारी चालतात. दंडाची रक्कम व्याजदरात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावायला आता मनाई आहे, स्टेटमेंटमध्ये ते बघा. पतसंस्थेबद्दल तक्रार असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे.

काहीजण सरफेसीच्या (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणारा कायदा) नोटिशीचं पाकीट न फोडता आणून देतात. कृपा करून फोडा. त्यात ६० दिवसांची मुदत असते. लेखी हरकत दिली तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यायचं असतं. पुढे ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. सहकारी बँकेला हा कायदा लागत नाही अशी समजूत अजून आहे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणातच सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये तो लागतो असा निकाल दिला. नोटीस आल्यावर काम वकिलाचं, आमचं नव्हे. आम्ही फाईल तयार करून वकिलांकडे पाठवतो.

आमच्या फीबद्दल थोडं. हा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता, कोणतीही बँक त्यासाठी मधला माणूस मागत नाही. वर लिहिलेलं नीट करता येत असेल तर खुशाल करा, शंका असेल तर एकदा दाखवून न्या, नुसतं बघण्याचे आम्ही घेत नाही. आमच्याकडे फाईल दिली तर ठरावीक फी लागते, अर्धी सुरुवातीला, अर्धी अर्जाची पोहोच हातात दिल्यावर. मंजुरी मिळो न मिळो, फी तीच. यावर लोक कुरकुरतात, पलीकडचा एजंट "काम झालं तरच द्या" म्हणतो असं सांगतात. मंजुरीवर टक्केवारी घेणारा माणूस मंजुरीसाठी आकडे फुगवायला मागेपुढे बघत नाही, आणि अर्जावर सही तुमची असते. मंजुरीची हमी आम्ही देत नाही, देणाऱ्यापासून जपून राहा. हप्ता भरायला सावकाराकडून पैसे उचलू नका, आणि आम्हाला विचारून तर मुळीच उचलू नका. दरमहा शेकडा तीन-चार मोजून बारा टक्क्यांचं कर्ज नियमित ठेवण्यात काय शहाणपण?

येताना दोन्ही कर्जांची मंजुरीपत्रं, दोन्ही खात्यांचे ताजे उतारे, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न असेल तर ते, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा आणि सहकर्जदार-जामीनदारांचे आधार-पॅन आणा. जामीनदाराला आधी कल्पना द्या, नोटीस त्यालाही जाते आणि मग भांडण आमच्या दारात येतं. महिन्याच्या १ ते १० तारखेला गर्दी असते, त्यानंतर या. स्टेटमेंटचे व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवू नका, कडेचे आकडे कापले जातात. बँकेकडून आलेली पीडीएफ आहे तशी पाठवा, पासवर्डासकट.