वाढत्या अंगाची पँट

जून उजाडला की यावलच्या टेलरकडे शाळेच्या कपड्यांची झुंबड उडते. मुलाचं माप घेता घेता टेलर आईला विचारतो, "वाढत्या अंगाची शिवू ना?" आई मान डोलावते. मग पँटच्या तळाशी चार बोटं कापड आत दुमडून टाचलं जातं. पोरगं वाढलं की दुमड उसवायची, इस्त्री फिरवायची; जुन्या घडीची पांढुरकी रेघ तेवढी राहते. अशा तीन-तीन रेघांच्या पँटी मी स्वतः घातल्या आहेत.

आमच्या घरी आणखीही काही रेघा आहेत, मधल्या दाराच्या सागवानी चौकटीवर. ताई आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला माहेरी येते. तिचा मुलगा आणि थोरल्या भावाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा आणि पुतण्या, चौकटीला टाचा टेकवून उभे राहतात. मी डोक्यावर सुताराचा गुण्या ठेवून पेन्सिलीने खूण करतो आणि शेजारी तारीख लिहितो. दोघांचा जन्म एकाच दिवाळीच्या आगेमागे. दहाव्या वर्षी एक १३१ सेंटिमीटर, दुसरा १२८. तेराव्या दिवाळीला भाचा १५६ वर गेला होता, ओठांवर मिसरूड, आवाज घोगरा. पुतण्या १४२. अमळनेरकडची मावशी भाच्याला म्हणाली, "कितला मोठा व्हई गया रे पोऱ्या!" आणि लगेच पुतण्याकडे वळून, "आनि तू रे, जेवस का नही?" तो बिचारा शेवभाजीचा दुसरा वाडगा संपवत होता.

हा चौकटीचा उद्योग फार जुना आहे. फ्रान्समध्ये ग्युनो द मोंबेयार या गृहस्थाने १७५९ पासून १७७७ पर्यंत आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजून लिहून ठेवली. एकाच मुलाची जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतची ही पहिली सलग नोंद मानली जाते. ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञाने ती छापली, म्हणून टिकली. तिच्यातली उंची नुसती वयापुढे मांडली तर एक चढती रेघ दिसते, फार काही कळत नाही. पण दर वर्षी किती वाढ झाली ते मांडलं की चित्र बदलतं. पहिल्या वर्षी बाळ सुमारे २५ सेंटिमीटर वाढतं. मग वेग उतरत उतरत वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरवर येतो आणि बरीच वर्षं तिथेच रेंगाळतो. आणि मग अचानक, उतारावरच्या गाडीने घाट चढावा तसा, तो पुन्हा वर जातो.

मुलांमध्ये या चढाचा माथा सरासरीने साडेतेरा-चौदाव्या वर्षी येतो. तेव्हा वेग वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत जातो. मुलींचा माथा सुमारे दोन वर्षं आधी येतो आणि थोडा बुटका असतो, म्हणून सहावी-सातवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा उंच दिसतात. पुढे स्त्री-पुरुषांच्या उंचीत जे सरासरी १३ सेंटिमीटरचं अंतर पडतं, त्यातला मोठा वाटा याच दोन वर्षांचा. मुलगा तेवढा काळ साध्या वेगाने वाढत राहतो आणि मग वरच्या पायरीवरून उडी घेतो.

मात्र 'सरासरीने' हा शब्द फसवा आहे. मुलांमध्ये वयात येण्याची सुरुवात नवव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत कधीही होऊ शकते, आणि ते सगळं निरोगीच. मिसरूड आणि आवाज या नंतरच्या गोष्टी. पहिली खूण म्हणजे वृषणांचा आकार वाढणं, जी घरात कुणी पाहत नाही आणि बोलत तर नाहीच. उंचीची उडी त्यानंतर येते. तीही एकदम सगळ्या अंगाला येत नाही. आधी पावलं आणि हात वाढतात, मग पाय लांबतात, धड शेवटी. म्हणून पोरगं उंच व्हायच्या आधी त्याची चप्पल अपुरी पडते आणि काही महिने ते काटक्यांवर उभं केलेल्या बुजगावण्यासारखं दिसतं, चालताना उंबऱ्याला ठेचाळतं. स्नायूंची ताकद तर उंचीच्याही मागून येते.

हाड लांब होतं म्हणजे काय होतं? लांब हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, एक पातळ थर असतो. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. त्यातल्या पेशी भाकरींच्या चवडीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. चवडीच्या एका टोकाला नव्या पेशी तयार होतात, दुसऱ्या टोकाच्या पेशी फुगतात, मरतात आणि त्यांच्या जागी पक्कं हाड बसतं. तव्यावर फुगणाऱ्या भाकरीने वरची भाकर उचलून धरावी, तसं हे फुगणं हाडाचं टोक पुढे ढकलतं. पायाची बहुतेक लांबी गुडघ्याच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन थरांत तयार होते. या वयातली मुलं धावून आल्यावर गुडघ्याखालचा उंचवटा दुखतो म्हणतात, ते पुष्कळदा बहाणा नसतो. मांडीचा स्नायू तिथल्या कोवळ्या हाडाला ओढत असतो.

या कारखान्याला मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून ग्रोथ हार्मोन मिळतं. ते दिवसभर सारखं झिरपत नाही, लाटांनी येतं, आणि सगळ्यात मोठी लाट रात्री गाढ झोप लागल्यावर थोड्याच वेळात येते. "लेकरू झोपेत वाढतं" हे आजीचं म्हणणं त्यामुळे निम्मं तरी खरं आहे. वयात येताना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन या लाटा आणखी उंच करतं.

आता खरी गंमत. चौकटीवरच्या रेघांपेक्षा मला ती केळीच्या बागेत जास्त नीट समजली. आमच्याकडे यावल-रावेर पट्ट्यात ज्याच्या शेतात केळी नाही त्याच्या मेहुण्याच्या तरी असतेच. केळीला पान फुटतं, तोवर ती उंच होत राहते. एकदा निसवली, म्हणजे शेंड्यातून केळफूल बाहेर पडलं, की नवं पान नाही. ज्या कोंबातून पानं येत होती त्याच कोंबाचा घड झालेला असतो. उशिरा निसवलेलं झाड तोवर वाढतच राहतं. मुलग्याचंही जवळजवळ तसंच आहे: ज्या हार्मोनांनी उंचीची उडी येते, तीच पुढे वाढीचं दार बंद करतात.

दार बंद करणारं नेमकं कोण, याचा उलगडा १९९४ मध्ये छापलेल्या एका रुग्णाच्या हकिगतीने झाला. अमेरिकेतला २८ वर्षांचा पुरुष, उंची २०४ सेंटिमीटर, तरीही हाडांची वाढ थांबलेली नाही. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, दाढी-मिशा व्यवस्थित. पण एका जनुकातल्या दोषामुळे त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा निरोप ऐकू येत नव्हता. इस्ट्रोजेन, म्हणजे ज्याला आपण सरसकट बायकांचं हार्मोन म्हणतो ते. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनच्या काही भागाचं इस्ट्रोजेन होतं, आणि ग्रोथ प्लेट पिकवून तिचं हाड करणारं तेच असतं. मर्दानगीच्या गप्पा मारणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

याच कारणासाठी जिममध्ये कुणी 'अंग भरायला' म्हणून स्टिरॉइडचं, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या औषधाचं, इंजेक्शन पुढे केलं, तर सोळा वर्षांच्या मुलाने तिथून पळ काढावा. अंग भरेल, आणि दार वेळेआधी लागेल. वजनं उचलल्याने उंची खुंटते हा मात्र निव्वळ समज. नीट शिकवणारा असेल तर व्यायामाने काही बिघडत नाही.

गेल्या पावसाळ्यात भाऊ-वहिनी पुतण्याला बालरोगतज्ज्ञाकडे घेऊन गेले. तो पावणेपंधरा वर्षांचा, आणि मागच्या वर्षभरात जेमतेम चार सेंटिमीटर वाढलेला. वयात येण्याच्या अगदी आधी वेग असा मंदावतो, उशिरा येणाऱ्यांत जास्तच, आणि नेमक्या त्याच वेळी बरोबरीचे ताडमाड होत असतात. घरच्यांचा जीव टांगणीला लागतो तो इथे. डॉक्टरांनी थायरॉइड आणि रक्त तपासलं, आणि डाव्या हाताचा एक्स-रे काढला. मनगट आणि बोटांमधले हाडांचे तुकडे ठराविक क्रमाने दिसू लागतात आणि जुळतात. नमुन्याच्या चित्रांशी ताडून त्यावरून हाडाचं वय काढतात. पुतण्याचं निघालं साडेबारा. मग डॉक्टरांनी माझ्या भावाला विचारलं, "तुम्हाला मिसरूड कधी फुटलं?" भाऊ लाजला. दहावीपर्यंत प्रार्थनेच्या रांगेत तो पहिला असायचा, आणि उंच झाला तो कॉलेजात गेल्यावर.

म्हणजे पोरगं बुटकं नव्हतं, त्याचं घड्याळ मागे होतं. हे घड्याळ बऱ्याचदा घराण्यात चालत येतं.

शेवटी उंची किती होईल याचा ढोबळ आडाखा असा: आई आणि वडिलांची उंची मिळवा, मुलगा असेल तर १३ वाढवा, दोनाने भागा. भाऊ १६७, वहिनी १५२, उत्तर १६६. त्याच्या अलीकडे-पलीकडे आठेक सेंटिमीटर धरायचे, म्हणजे १५८ ते १७४. एवढ्या रुंद आडाख्यावर पैज लावू नये, पण मूल घराण्याच्या वाटेवर आहे की भलतीकडे, एवढं समजतं. खाणंपिणं पुरेसं असलेल्या समाजात माणसामाणसांतल्या उंचीच्या फरकाचा सुमारे ८० टक्के भाग आनुवंशिक असतो. तो एखाद्या 'उंचीच्या जनुकात' नाही. २०२२ मध्ये ५४ लाख लोकांच्या जनुकीय माहितीतून उंचीशी जोडलेली १२ हजारांहून जास्त ठिकाणं सापडली; प्रत्येकाचा परिणाम अगदी किरकोळ.

"पुरेसं असलेल्या समाजात" ही अट मोठी आहे. १९९६ मध्ये जन्मलेल्या भारतीय पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटिमीटर निघाली, नेदरलँड्सच्या पुरुषांची १८२ च्या वर. पण दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या सैन्यभरतीच्या तरुणांची सरासरीही १६५ च्याच आसपास होती. एवढ्या थोड्या पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत. बदललं ते दूध, स्वच्छ पाणी, आजारपण आणि आईचं पोट.

आणि हा हिशेब मिसरूड फुटण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. नंदुरबारमध्ये हे प्रमाण आणखी जास्त. अक्कलकुवा-धडगावकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, दोन वर्षांचं पोर फडाच्या कडेला वाढतं. वारंवार हगवण लागलेल्या त्या वर्षांत गेलेली उंची चौदाव्या वर्षीची उडी फारशी भरून देत नाही. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आढळतो. त्या आजाराच्या मुलांचं वयात येणं उशिरा होतं, वाढ मागे पडते. तिथल्या चौदा वर्षांच्या बारक्या मुलाला 'घराण्याचंच घड्याळ मागे आहे' म्हणून घरी पाठवण्याआधी रक्ताची ती एक तपासणी झालीच पाहिजे.

इतरत्रही काही खुणांवर नजर ठेवावी. वर्षाला चार-पाच सेंटिमीटरही वाढ होत नसेल, मुलग्यात चौदा उलटूनही वयात येण्याची काही खूण नसेल, किंवा उलट नऊच्या आधीच सगळं सुरू झालं असेल, तर डॉक्टर गाठावा. 'उंची वाढवा' अशी पाटी लावलेला डबा गाठू नये. त्या डब्यांतली पावडर बहुधा साखर आणि प्रथिनं. दुसरी गोष्ट डाळीत, अंड्यात, दुधात स्वस्त मिळते. ज्वारीत लायसिन हे प्रथिनांतलं एक अंग कमी असतं, उडदात भरपूर. त्यामुळे या दोन्हींच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ मुळात चांगलंच जमलेलं आहे. केळीबद्दल मात्र आमच्या भागाचा अभिमान गिळून सांगतो: शंभर ग्रॅम केळात प्रथिनं असतात सुमारे एक ग्रॅम. केळी खाऊन उंची वाढली असती, तर देशाचा बास्केटबॉल संघ रावेरातून निघाला असता.

पुतण्याला पोलीस व्हायचं आहे. महाराष्ट्राच्या पोलीस भरतीत पुरुषांसाठी सर्वसाधारणपणे किमान उंची १६५ सेंटिमीटर लागते, म्हणजे देशाची सरासरी तीच भरतीची दारातली पट्टी. मैदानावर सरावाला येणारी मुलं त्याला निंबाच्या फांदीला लोंबकळायला सांगतात. लोंबकळून पाठीचे मणके तात्पुरते मोकळे होतात, हाड लांब होत नाही. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या वजनाने दबतात आणि रात्री पुन्हा फुगतात, म्हणून सकाळी प्रत्येक जण संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो. जुन्या भरतीवाल्यांना हे शास्त्र न वाचता ठाऊक आहे. मोजणीच्या दिवशी ते रांगेतसुद्धा आडवे होतात. मीही चौकटीवर खूण नेहमी सकाळीच करतो, नाहीतर सहा महिन्यांची वाढ आणि रात्रीची झोप यांची गल्लत होते.

शाळेच्या कबड्डी संघातून पुतण्याला तेराव्या वर्षी वगळलं, ते मला अजून खटकतं. चौदा वर्षांखालच्या संघात निवड झाली ती लवकर निसवलेल्यांची. चपळ कोण, हे कुणी पाहिलंच नाही. इंग्लंडमधल्या काही फुटबॉल अकादम्यांनी मुलांना जन्मतारखेऐवजी शारीरिक प्रगतीनुसार गटांत खेळवून पाहिलं आहे. आपल्याकडे निदान संघ निवडणाऱ्याने बापाला एक प्रश्न विचारायला हरकत नाही, तोच मिसरुडाचा.

यंदाच्या आखाजीला ताई आली. भाचा १६७, दिवाळीच्या खुणेपासून सेंटिमीटरभर वर. पुतण्या १५४, दिवाळीला १५० होता. सहा महिन्यांत चार, आणि चप्पल तर त्याने फाल्गुनातच बापाची घालायला सुरुवात केली होती. दुसऱ्या दिवशी त्याची पँट घेऊन वहिनी टेलरकडे गेली. त्याने दुमड उलटवून पाहिली. आत अजून दोन बोटं कापड होतं.