शिशुबाप्तिस्मा, अँग्लिकन पॅरिश चर्चमधील

चर्च ऑफ इंग्लंडच्या, म्हणजे अँग्लिकन पंथाच्या, पॅरिश चर्चमध्ये लहान मुलाला पाण्याने बाप्तिस्मा देऊन ख्रिस्तमंडळीत सामील करून घेण्याचा संस्कार. इंग्लंडात बोलताना याला ‘ख्रिसनिंग’ असेही म्हणतात. मराठी वाचकाला बारशाची आठवण होणे स्वाभाविक असले, तरी मुलाचे कायदेशीर नाव येथे ठरत नाही. त्यासाठीची जन्मनोंदणी वेगळी असून ती तेथे ४२ दिवसांच्या आत करावी लागते.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या धार्मिक देखरेखीखालील भूप्रदेश. त्या हद्दीत राहणाऱ्या आईवडिलांनी, ते दर रविवारी उपासनेला येत नसले तरी, मुलासाठी बाप्तिस्मा मागितल्यास व्हिकरला, म्हणजे पॅरिशच्या धर्मगुरूला, नकार देता येत नाही. आईवडील व धर्ममातापिता (मुलाच्या धार्मिक जडणघडणीची जबाबदारी घेणारे धर्मपालक) यांची तयारी करून घेण्यापुरता विलंब नियमाला मान्य आहे. अकारण टाळाटाळ झाल्यास व्हिकरच्या वरिष्ठ बिशपकडे दाद मागता येते. नियमाप्रमाणे सामान्यतः आठवडाभर आधी सूचना देणे पुरेसे असते, पण भेटीगाठी आणि चर्चच्या सोयीचा रविवार यांमुळे प्रत्यक्षात बराच अधिक वेळ जातो. कुटुंब पॅरिशबाहेरचे असेल आणि या चर्चच्या सभासदयादीत त्यांचे नाव नसेल, तर येथील व्हिकरने त्यांच्या राहत्या पॅरिशच्या व्हिकरची सदिच्छा घ्यावी, असा संकेत आहे. आजीआजोबांच्या गावच्या चर्चचा हट्ट धरणाऱ्या कुटुंबांना हा नियम हमखास भेटतो.

खरी खलबते होतात ती धर्ममातापित्यांच्या निवडीवर. मुलाला किमान तीन धर्मपालक असावेत, त्यांतील दोघे मुलाच्याच लिंगाचे व एक भिन्न लिंगाचा असावा, अशी अपेक्षा आहे. तिघे जमत नसतील तर एक धर्मपिता व एक धर्ममाता चालतात. ते स्वतः बाप्तिस्मा घेतलेले असलेच पाहिजेत. त्यांचे दृढीकरणही (बाप्तिस्म्याची वचने स्वतः पुन्हा उच्चारण्याचा, बिशपच्या हस्ते होणारा संस्कार) झालेले असावे लागते, मात्र ही अट व्हिकर शिथिल करू शकतो. त्यामुळे बाप्तिस्मा न झालेला जिवलग मित्र या यादीत बसत नाही. चर्चच्या १६०४ च्या नियमांनी आईवडिलांना स्वतःच्या मुलाचे धर्मपालक होण्यास मनाई केली होती. आता आणखी एक धर्मपालक असल्यास त्यांना तसे होता येते.

संस्कार शक्यतो रविवारी, भरल्या उपासनेत व्हावा असा नियम आहे. आईवडील व धर्मपालक मुलाच्या वतीने उत्तरे देतात, कपाळावर क्रुसाची खूण केली जाते आणि बाप्तिस्माकुंडापाशी पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाळाच्या डोक्यावर पाणी ओतले जाते. जीव धोक्यात असलेल्या बाळाला सामान्य माणूसही बाप्तिस्मा देऊ शकतो. बाप्तिस्मा एकदाच होतो. बाळ वाचले तर त्याचे चर्चमध्ये स्वागत होते, पाणी पुन्हा ओतले जात नाही. संस्काराचे शुल्क १८७२ च्या कायद्याने रद्द झाले. बाप्तिस्म्याची नोंद पॅरिशच्या वहीत होते. अशा वह्या ठेवण्याचा आदेश १५३८ मध्ये निघाला होता.

पंडिता रमाबाई व त्यांची लहान मुलगी मनोरमा यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रातील अँग्लिकन मंडळ्या १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाल्या. त्या ऐक्यात शिशुबाप्तिस्मा न मानणारे बॅप्टिस्टही असल्याने तेथे शिशुबाप्तिस्मा आणि जाणत्या वयात श्रद्धा प्रकट करून घेतलेला बाप्तिस्मा, असे दोन्ही मार्ग मान्य आहेत.